भंगारातलं पिंप की लोणच्याचं?

मुळशीतल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना पागोळ्यांचं पाणी धरणारी पिंपं बसवून द्यायची, असं आमच्या सोसायटीतल्या सात-आठ जणांनी ठरवलं, त्याला आता तिसरा पावसाळा येईल. पन्हळ, जाळी, तोटी ही कामं निभतात. घोडं अडतं ते पिंपांपाशी. नव्या पिंपांना वर्गणी पुरत नाही. वापरलेली घ्यायची तर दोन दारं ठोठवावी लागतात : एक भंगारातला ड्रमवाला, दुसरा लोणची-मुरांबे करणारा कारखानदार. आमची दोन्ही ठोठवून झाली आहेत.

सोयीत ड्रमवाल्याला तोड नाही. "वीस पाहिजेत" म्हणून फोन करावा, दुसऱ्या दिवशी छोटा हत्ती दारात. पिंपं धुतलेली, झाकण आणि ते आवळणारी पट्टी जागच्या जागी. २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवडमधल्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पाडली गेली, तेव्हापासून पूर्वीसारखं एकाच फेरीत काम होत नाही, पण चार ठिकाणी विचारलं की माल निघतो. आम्हाला एक पिंप साडेआठशेला पडलं.

लोणचेवाल्याने पाचशे लावले, वर चहा पाजला. पण त्याचं वेळापत्रक आपल्या बरोबर उलटं. कैरी येते एप्रिल ते जून, म्हणजे आपल्याला पिंपं हवी असतात नेमकी तेव्हाच त्याची सगळी पिंपं मीठ लावलेल्या फोडींनी गच्च भरलेली. मग वर्षभर माल उपसेल तशी ती रिकामी होत जाणार. आज दोन, पंधरा दिवसांनी तीन. दोन पिंपांसाठी टेम्पो करणं म्हणजे भाडं भरून हवा वाहून नेणं. शेवटी एकाने गाडीच्या टपावर बांधून आणायला सुरुवात केली.

आणि वास. मोहरी आणि हिंग प्लॅस्टिकमध्ये इतकी मुरलेली असतात की खायचा सोडा घातलेलं कोमट पाणी दोन दिवस भरून ठेवा, उन्हात उघडं टाका, तरी झाकण काढलं की आजीची फडताळातली बरणी आठवते. पहिल्या धुण्याचं पाणी झाडांना घालू नका. त्यात मीठ असतं. आमच्या एका वहिनींची तुळस त्यात गेली, त्याचं अजून ऐकवलं जातं.

इथवर वाचून कुणीही ड्रमवाल्याला फोन लावेल. आम्हीही पहिल्या वर्षी तेच केलं, बारा पिंपं आणली. "साहेब, सगळी ज्यूसची आहेत," असं त्या गृहस्थांनी सांगितलं होतं. मे महिना होता. गच्चीवर एका रांगेत उभी केली, आणि कुणी आत पालापाचोळा टाकू नये म्हणून झाकणं लावून ठेवली. दुपारी चारला तोट्यांसाठी भोकं पाडायला म्हणून वर गेलो. पहिल्या दोन पिंपांत साबणाचा वास होता. तिसऱ्याची पट्टी सोडवली आणि तोंड मागे घ्यावं लागलं. थेट थिनर. सकाळी हेच पिंप नाक घालून हुंगलं होतं, तेव्हा काही नव्हतं. असले द्रव या प्लॅस्टिकमध्ये मुरतात आणि ते तापलं की पुन्हा बाहेर येतात. गार पिंपाचा वास घेणं म्हणून फारसं कामाचं नाही.

मग एकेक पिंप फिरवून नीट पाहिलं. लेबलं पात्याने खरवडलेली होती, डिंकाच्या चिकट ठिगळांवर धूळ बसली होती. एकावर मात्र लेबल निघालं तरी त्याची जागा राहिली होती : उन्हाने विटलेल्या निळ्यावर एक गडद निळा, कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. टँकरच्या पाठीमागे धोक्याची खूण असते, तशाच आकाराचा. त्याखाली काय छापलं होतं, देव जाणे. पिंपावर यूएनची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मालवाहतूक नियमांची, खूण कोरलेली असते, त्यावरून पिंप किती दणकट ते कळतं, आत काय होतं ते नाही. निळ्या रंगाचंही तेच, सरबत आणि सॉल्व्हंट दोन्ही त्याच निळ्यात येतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपंसुद्धा घातक कचऱ्यात मोडतात, पण खरवडलेल्या लेबलावरून ते कळणार कसं?

बारातली दोन उघडउघड वाईट निघाली. मला छळलं ते उरलेल्या दहांनी. ती चांगली असतील, बहुधा होतीच. पण शाळेच्या बाईंनी विचारलं, "आधी काय होतं हो यात?", तर उत्तर काय देणार होतो? सांगून ठेवलं होतं की पाणी फक्त झाडांना आणि संडासाला वापरा, तरी पोरं आहेत ती. तोटी दिसली की ओंजळ धरणारच. ती दहा शेवटी सोसायटीच्या गाड्या धुवायच्या पाण्याला लावली.

लोणच्याच्या पिंपाचा वास चार वर्गखोल्या ओलांडून येतो खरा, पण तो कशाचा आहे हे पहिलीतलं पोरही सांगतं.

सगळेच ड्रमवाले तसे असतील असं नाही. लेबल शाबूत असलेला माल दाखवणारे एक-दोघं मलाही भेटले आहेत. गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्यांतून लिक्विड ग्लुकोजची पिंपं येतात, त्यांतलं एखादं लेबलासकट मिळालं तर जरूर घ्या. गरम पाण्याने दोनदा खळबळलं की साफ होतं. तोंड मात्र अरुंद, आत हात जात नाही, त्यामुळे पुढे शेवाळ धरलं की पंचाईत. आंब्याच्या पल्पची लोखंडी पिंपंही आम्ही पाहिली. पल्प आत पिशवीत असतो, त्यामुळे पिंप कोरं करकरीत. पण तोटीसाठी भोक पाडलं की त्या कडेपासून गंज धरतो, तो विषय तिथेच संपला.

लोणच्याच्या पिंपाला पूर्ण तोंडाचं झाकण असतं, याची किंमत पहिल्या पावसात कळते. वीस चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे २०० लिटर. मुळशीत एवढा पाऊस मधल्या सुट्टीत पडून जातो, म्हणजे पिंप चार महिने भरलेलंच राहणार. डेंग्यूच्या डासाला असलंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं, आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. झाकणाला पन्हळीपुरतं भोक, त्यावर बारीक जाळी, आणि आठवड्यातून एकदा पट्टी सोडवून आत हात घालून घासायचं. अरुंद तोंडाच्या पिंपात हे कसं करणार?

घाई असेल, महिन्याभरावर पाऊस आला असेल, तर ड्रमवाल्याकडे जावं लागेल, त्याला इलाज नाही. मात्र पैसे देण्याआधी दोन-तीन पिंपं झाकण लावून दुपारभर उन्हात ठेवायला सांगा. "कशाला?" असं त्याने विचारलं, तर दुसरा ड्रमवाला बघा.

यंदा आम्ही दिवाळी झाल्या झाल्याच लोणचेवाल्याला गाठलं. गच्चीवर नऊ पिंपं जमली आहेत, अजून अकरा यायची आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू परवा जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, लोणचं घालताय तर आमच्यासाठी अर्धा किलो ठेवा.