तांबी ठेवायची की काढून अंतराचं इंजेक्शन घ्यायचं?

तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवतात ती कॉपर-टी, बसवून दोन-तीन महिने झाले की बाई परत येते आणि खुर्चीवर टेकायच्या आत म्हणते, "काढून टाका, फार जातंय." समोर बसलेल्या सिस्टरने किंवा समुपदेशकाने तेव्हा "होईल सवय" म्हणू नये. आधी विचारावं: दिवसाला पॅड किती लागतात, गाठी पडतात का, जिना चढताना धाप लागते का? आणि हेही विचारावं, की काढायची इच्छा तुमची आहे की घरातल्या कुणाची?

पहिले तीन ते सहा महिने तांबीमुळे पाळीत जास्त रक्त जातं, ओटीपोटात कळा येतात. बहुतेकींचा हा त्रास नंतर ओसरतो. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेनची गोळी पाळीच्या दिवसांत डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर घेतली तर रक्त आणि कळा दोन्ही कमी होतात. इतकी साधी गोष्ट कित्येकींना कुणी सांगितलेलीच नसते. 1965 साली सरकारी कार्यक्रमात 'लूप' (तांबीसारखंच गर्भपिशवीत बसवायचं साधन) आला तेव्हाही बायकांचं अंगावरून जाणं कुणी नीट ऐकून घेतलं नाही, आणि त्या भीतीच्या गोष्टी आजही सासूकडून सुनेकडे येतात.

पण आधी हिमोग्लोबिन बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन चांगलं असेल तर गोळ्या घेऊन आणखी दोन-तीन पाळ्या थांबावं, असं मी म्हणेन. ते आधीच कमी असेल, तर तिला थांबायला लावणं मला पटत नाही.

अशा बाईला अंतरा बरं पडू शकतं. दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात मोफत. सुरुवातीला अधूनमधून डाग पडतात, पुढे अनेकींची पाळी थांबते. "मग रक्त आत साठतं का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही साठत. गर्भपिशवीचं अस्तरच पातळ राहतं, त्यामुळे बाहेर पडायला फारसं काही नसतं. मात्र ज्या घरात अजून पाळीची शिवाशिव पाळतात, तिथे पंधरा दिवस रेंगाळणारे डाग बाईला फार जड जातात. तांबीची पाळी जास्त असली तरी बहुधा वेळेवर येते.

भरवशाचं म्हणाल तर तांबी पुढे आहे. वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस राहत नाहीत आणि 380-ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते. अंतराचं यश तारखेवर अवलंबून असतं. तारखा चुकतात म्हणून प्रत्यक्षात शंभरात चौघींना दिवस राहतात. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्या बाईने हा विचार आधी करावा. उशीर झालाच तर ठरलेल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत इंजेक्शन घेता येतं. इंजेक्शनच्या तारखांचं कार्ड सोबत ठेवावं.

वर्षभरात मूल हवं असेल तर अंतरा नको. तांबी काढल्यावर लगेचच्या महिन्यातही दिवस राहू शकतात. शेवटच्या इंजेक्शननंतर मात्र सात ते दहा महिने सहज जातात. शिवाय तांबी नकोशी झाली तर काढता येते, टोचलेलं औषध परत काढता येत नाही. रक्तदाब फार जास्त असेल, स्तनाचा कर्करोग झाला असेल किंवा अंगावरून जाण्याचं कारणच कळलेलं नसेल, तर अंतरा देत नाहीत.

ऐपत असेल तर हार्मोन असलेल्या तांबीबद्दलही डॉक्टरांना विचारा. तिने पाळी उलट कमी होते. दिवस राहू नयेत म्हणून दंडात बसवायची, तीन वर्षं चालणारी कांडीही आहे, पण ती सगळीकडे मिळत नाही.

पाळी चुकून पोटात दुखू लागलं, ताप आला, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं किंवा तांबीचा दोरा बोटाला लागेनासा झाला, तर ठेवू की काढू हा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा.

काढायचं ठरलं, तर आधीचे सात दिवस निरोध वापरा किंवा संबंध टाळा, नाहीतर काढल्यावर लगेच दिवस राहण्याची भीती असते. पाळीच्या पहिल्या सात दिवसांत तांबी काढून त्याच वेळी अंतरा घेतलं तर मधे खंड पडत नाही. आणि सगळं ऐकूनही बाई "काढाच" म्हणाली, तर तिला पुढची तारीख देऊ नका. त्याच दिवशी काढून द्या.