तिबेटी जडावाचे मणी: पितळेचे घ्यावेत की रेझिनचे?

बाजारात तिबेटी म्हणून मिळणारे जडावाचे मणी बरेचदा नेपाळमध्ये, काठमांडूच्या परिसरात घडलेले असतात. दागिने करणाऱ्यांपुढे साधारण दोन पर्याय येतात. पितळी मण्यात पितळेच्या गाभ्यावर तारेची नक्षी असते आणि मधल्या जागेत फिरोजा, पोवळं, लाजवर्द (गडद निळा दगड) यांचे बारीक तुकडे रेझिनने, म्हणजे कृत्रिम राळेने, बसवून घासलेले असतात. दुसऱ्यात मणीच अंबरच्या (झाडाच्या राळेचा जीवाश्म) रंगाच्या रेझिनचा, त्यात तार आणि एखाददुसरा खडा रुतवलेला. तो ‘अंबर’ म्हणून दाखवला तरी अंबरचे पैसे मोजू नका.

कानातलं करायचं तर रेझिनचाच घ्या. पितळी मणी आतून पोकळ असला तरी तासाभरात कानाची पाळी ओढू लागतो. गळ्यात मात्र पितळी मण्याला तोड नाही. मध्यभागी तीन, बाजूला साधे लाकडी मणी, बस्स. अख्खी माळ जडावाची केली तर एकही मणी नजरेत भरत नाही. ओवताना भोकाच्या कडा तपासा. पितळेची धार रेशमी दोरा हळूहळू कापते. बारीक कानस फिरवा किंवा बीडिंग वायर वापरा.

ब्रेसलेटला दोन्ही कुचकामी, असं माझं मत. हात टेबलावर आपटतोच, आणि पोवळ्याची कठीणता मोहस् मापनावर दहापैकी जेमतेम ३ ते ४. करायचंच असेल तर रेझिन बरं: त्यावरचा ओरखडा पॉलिशने जातो, पितळी मण्यातला उडालेला तुकडा लपत नाही.

पितळ काळवंडलं की आपला हात चिंचेकडे, लिंबाकडे जातो. इथे ते अजिबात नको. पोवळं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबटाने ते झिजतं. फिरोजाही खराब होतो. कोरडं मऊ फडकं पुरे.

फिरोजाच्या नावाखाली रंगवलेला हाउलाइट (एक पांढरा, स्वस्त दगड) सर्रास खपतो. पितळी मण्यावर, न दिसणाऱ्या बाजूला ॲसिटोनचा कापूस टेकवून पाहा. रंग उतरला तर खडा रंगवलेला आहे. उतरला नाही म्हणून अस्सल ठरत नाही, आणि ॲसिटोन मागच्या रेझिनपर्यंत जाऊ देऊ नका. रेझिनच्या मण्यावर हा प्रयोग नकोच, पृष्ठभागच चिकट व्हायचा.

दोन्ही प्रकारांबरोबर मण्याच्या टोकांना बसवायच्या ‘तिबेटी चांदी’च्या टोप्या येतात. त्यात चांदी बहुधा नसतेच, आणि निकेल असू शकतं. निकेलने खाज येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी टोप्या ९२५ (९२.५ टक्के शुद्ध) चांदीच्या वेगळ्या घ्या.