नेटलोगो: चढणीच्या माशांसाठी वापरलं, फुकट आहे पण डोकं लागतं

सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू आहे, दुकानाचा नाही, आधीच सांगतो कारण सांगलीत मासे म्हटलं की लोक पत्ता विचारतात.

नेटलोगो म्हणजे संगणकात खोटे मासे, प्राणी सोडून ते कसे वागतात ते बघायचं सॉफ्टवेअर, म्हणजेच मॉडेल बनवायचं. फुकट मिळतं, युरी विलेन्स्कींनी 1999 मध्ये आणलं, आता अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून चालतं. समीकरणं मांडत बसायचं नाही, एकेक मासा सोडायचा, त्याला दोनचार नियम द्यायचे, आणि हजारभर मासे मिळून काय करतात ते स्क्रीनवर बघायचं.

माझा विषय चढणीचे मासे. पहिला मोठा पाऊस झाला, कृष्णेला गढूळ पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलटे ओढ्यात चढतात अंडी घालायला, आणि नेमके तेव्हाच सगळे ओढ्याच्या तोंडाशी जाळी लावून बसतात. गाभोळीचा मासा चवीला भारी, मान्य, पण तिथंच सगळा धरला तर पुढच्या वर्षी काय धरणार? मग बंदी घालायची तर कुठं आणि किती दिवस, एवढंच मला बघायचं होतं.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमापासून खालच्या म्हैसाळ बंधाऱ्यापर्यंतचा नदीचा पट्टा काढला, अगदी ढोबळ. नियम असे की पाणी झपाट्यानं वाढलं की मासा वर तोंड करणार (पातळीला सांगलीच्या आयर्विन पुलाचा आकडा घेतला, 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथं पोरासोरांनाही पाठ असतं), बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायला दारांत बसवायच्या फळ्या) घातलेले असतील तर अडणार, काढलेले असतील तर पुढं जाणार. पातळी, जाळ्यांची संख्या, बंदीचे दिवस सगळ्याला स्लायडर लावता येतात, सरकवलं की लगेच फरक दिसतो. हे खरंच मस्त आहे. बिहेवियरस्पेस नावाची सोय आहे, ती एकच मॉडेल आकडे बदलून बदलून आपोआप पळवते, रात्री लावून झोपायचं.

माझ्या मॉडेलमध्ये नदीभर लांबलचक बंदीपेक्षा ओढ्यांची तोंडं पहिल्या लोंढ्याला मोकळी सोडणं जास्त कामाचं दिसलं. पण माशाचा पोहायचा वेग थोडा कमी केला की निकाल उलटा!! आणि हा वेग मी अंदाजानंच घातलाय. शिवाय तोंडावर बंदी आली म्हणून जाळीवाला घरी बसत नाही, खालच्या डोहावर जातो, तोही नियम घातला की अर्धा फायदा तिथंच गेला. म्हणून याचा निकाल घेऊन कुणी मत्स्य खात्याकडं बंदी मागायला जाऊ नये, नक्की काय मोजायला पाहिजे ते मात्र यातून चांगलं कळतं.

समुद्रातल्या ट्यूनासाठी सीपोडिमसारखी मोठी मॉडेलं आहेत, त्यात समुद्राचे चौकोन पाडून माशांची दाटी इकडून तिकडं कशी सरकते ते बघतात आणि खुणेचा बिल्ला लावून सोडलेले मासे पुढं कुठं सापडले त्याच्याशी ताळा करतात. तिथं पैसाही मोठा गुंतलेला असतो. 2007 च्या आसपास युरोपातला मॅकरेल आइसलँडकडं सरकला आणि कोट्यावरून, म्हणजे कुणी किती मासा धरायचा यावरून, देशादेशांत जुंपली, कारण मासा नकाशा बघून पोहत नाही. आपल्या ओढ्यातल्या शिंगटीला बिल्ला कोण लावणार, त्यामुळं ताळा कशाशी करायचा हा खरा प्रश्न.

बाकी किरकोळ. मराठी मेनू नाही, कोड इंग्रजीतच पण सोपा, प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी सोबतच्या मॉडेल लायब्ररीतली लांडगा-मेंढीची फाईल मोडतोड करून शिकता येतं. ब्राऊझरमध्येही चालतं पण तिथं सगळ्या सोयी नाहीत, लॅपटॉपवर टाका. मासे फार वाढवले की रेंगाळतं.

पाचापैकी चार. झूऑलॉजीच्या पोरांनी तर घ्याच. आणि कुणाकडं म्हैसाळचे बरगे कुठल्या वर्षी कधी काढले, कधी घातले याची वही असेल तर मला पाहिजे, बदल्यात माझी फाईल देतो.