इंग्रजीचे काळ आणि वाक्यातला जोर : पुस्तक, ॲप, क्लास की मोठ्याने बोलणं?

पुण्यात इंग्रजी शिकायच्या सोयींना तोटा नाही. सदाशिव पेठेत आणि डेक्कनला स्पोकन इंग्लिशच्या पाट्या आहेत, अप्पा बळवंत चौकात व्याकरणाची पुस्तकं आहेत, ॲप तर खिशातच असतं. पैसे आणि वेळ नेमके कशात घालायचे, हे मात्र ठरत नाही. माझ्या मते काळ आणि जोर या दोन गोष्टी वेगवेगळ्या सरावाने येतात, म्हणून आपण कशात अडतोय ते आधी बघा.

काळाच्या बाबतीत आपण मराठी माणसं ठरलेल्या जागी घसरतो. ‘मी पाच वर्षं पुण्यात राहतोय’ यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो, म्हणून तोंडून ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’ निघतं. इंग्रजीला तिथे ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ हवं. नुसतं ‘आय लिव्ह्ड’ म्हणालात, तर तुम्ही पुणं सोडलं असा अर्थ होतो, आणि हिंजवडीतल्या मुलाखतीत समोरचा ‘मग आता कुठे असता?’ असं विचारू शकतो. तसंच ‘मी तो सिनेमा कालच पाहिलाय’ हे मराठीत खपून जातं, पण इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आलं की ‘हॅव सीन’ चालत नाही, ‘सॉ’च लागतं.

या दुखण्यावर पुस्तकासारखा उपाय नाही. मागे उत्तरं दिलेलं पुस्तक घ्या, पेन्सिलने सोडवा, चुकलेलं वाक्य वहीत पूर्ण लिहून काढा. शाळेतला 12 काळांचा तक्ता पाठ असला तरी सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. रोजच्या बोलण्यात साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूतकाळ आणि ‘हॅव’वाली रूपं पक्की असली की बरंच निभावतं. जुनी तर्खडकरी पद्धत, म्हणजे मराठी वाक्य घेऊन त्याचं इंग्रजी करणं, मला इथे अजूनही मोलाची वाटते, कारण आपली मराठी सवय कुठे आडवी येते ते तिच्यात लगेच उघडं पडतं.

ॲपचं थोडक्यात सांगायचं तर वनाज ते रामवाडी मेट्रोत बसल्या बसल्या उजळणीला ते छान आहे. पण त्यात बहुतेक वेळा समोरच्या पर्यायांतून उत्तर निवडायचं असतं. बोलताना पर्याय कोणी देत नाही.

जोराचं प्रकरण मात्र पुस्तकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. मराठीत ‘च’ जिथे चिकटवू तिथे जोर जातो : मीच डबा आणला, मी डबाच आणला, मी डबा आणलाच. इंग्रजीत हे काम मुख्यतः आवाज करतो. ‘आय ब्रॉट द टिफिन’ हे एकच वाक्य, पण ‘आय’वर जोर दिला तर ‘मीच’ आणि ‘टिफिन’वर दिला तर ‘डबाच’. शिवाय ‘इट वॉज मी हू ब्रॉट इट’ अशी रचनाही असते. ‘आणलाच’साठी ‘आय डिड ब्रिंग इट’. ‘डिड’ आला की क्रियापद मूळ रूपात जातं, ‘डिड ब्रॉट’ होत नाही. काळ आणि जोर इथे एकाच वाक्यात भेटतात. आपण मात्र ‘च’ला ‘ओन्ली’ लावून मोकळे होतो : ‘आय लिव्ह इन कोथरूड ओन्ली’. पुण्यात ते कळतं, परदेशातला माणूस बुचकळ्यात पडतो.

कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना यासाठी पार्टनर शोधायला लांब जावं लागत नाही. रूममेटने विचारायचं, ‘हू ब्रॉट द टिफिन?’ मग ‘डिड यू ब्रिंग द केक?’ मग ‘व्हाय डिडन्ट यू ब्रिंग द टिफिन?’ तुम्ही दर वेळी डब्याचंच उत्तर द्यायचं, पण पूर्ण वाक्यात आणि जोर हलवून. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. सगळ्या उत्तरांचा सूर सारखाच लागला, तर जोर बसलेला नाही. नमुन्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचे कार्यक्रम फुकट आहेत. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, तसंच म्हणायचं. यातली उणीव एवढीच, की काळ चुकला तर दोघांच्याही लक्षात येईलच असं नाही.

तिथे क्लास उपयोगी पडतो, पण बॅच बघून. 40 जणांच्या बॅचमध्ये सर तासभर गप्प बसले तरी प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. फी भरण्याआधी डेमो लेक्चरला बसा आणि मुलं किती बोलतात, सर मध्ये थांबवून चूक सांगतात का, ते पाहा. फळ्यावर काळांची सूत्रंच लिहून देणार असतील, तर ती पुस्तकात आहेतच.

लेखी परीक्षा तोंडावर असेल, तर पुस्तक आणि भाषांतर पुरे, क्लासचे पैसे वाचवा. आयईएलटीएस देणार असाल, तर नुसत्या पुस्तकावर विसंबू नका. तिथली बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते, तिच्या चार निकषांत व्याकरण एक आणि उच्चार एक, आणि दोघांना वजन सारखं. नोकरीच्या मुलाखतीसाठी तयारी करणाऱ्यांनी सकाळी अर्धा तास वही आणि रात्री रूममेटबरोबर अर्धा तास बोलणं, एवढं महिनाभर करून बघावं. त्यानंतरही त्याच त्या चुका होत राहिल्या, तर लहान बॅचचा क्लास लावा आणि पहिल्याच दिवशी सरांना ती चुकांची वही दाखवा.