मैत्रिणींसोबतचं म्हातारपण: लंडनची वाट घ्यावी की पॅरिसची?

साठीच्या आसपासच्या, बहुतेक एकट्या राहणाऱ्या पाच-सात मैत्रिणी जमल्या आणि ‘आपण सगळ्या एकाच ठिकाणी घरं घेऊ या का?’ असा विषय निघाला, की लगेच जागा बघणं सुरू होतं. माझं म्हणणं, त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावा. तुमच्यातली एक गेल्यावर तिच्या घरात कोण येणार? या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं देणाऱ्या दोन इमारती आज उभ्या आहेत. एक लंडनच्या हाय बार्नेट भागातली ‘न्यू ग्राउंड’, दुसरी पॅरिसला खेटून असलेल्या माँत्रईतली ‘मेझाँ दे बाबायागा’. दोन्ही वयस्कर बायकांच्या कल्पनेतून उभ्या राहिल्या आणि दोन्हींत २५ घरं आहेत. पण घराची मालकी कोणाकडे आणि शेजारीण कोण निवडणार, इथे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

लंडनचा गट १९९८ मध्ये जमला आणि राहायला गेला २०१६ मध्ये. मधली अठरा वर्षं जागा, पैसा आणि परवानग्यांत गेली. गटातल्या काही जणी घर बघण्याआधीच वारल्या. शेवटी हॅनोव्हर या गृहनिर्माण संस्थेने जागा घेऊन इमारत बांधली. १७ घरं बायकांनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर (लीजवर) विकत घेतली, बहुतेकींनी आपलं जुनं घर विकून. उरलेली ८ घरं कमी भाड्याची आहेत. ती ‘हाउसिंग फॉर विमेन’ या संस्थेकडे आहेत आणि त्यांच्यासाठी ट्यूडर ट्रस्टने मदत केली. ज्यांच्याकडे विकायला घर नव्हतं त्यांनाही यामुळे जागा मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं. पन्नाशीच्या पुढच्या बायकांनीच तिथे राहायचं, ही अट पक्की आहे. मुलगा, भाऊ, मित्र पाहुणे म्हणून खुशाल येतात, पण तिथे कायमचे राहू शकत नाहीत. घर रिकामं झालं तर गटाशी आधीपासून जोडलेल्या, बाहेर राहणाऱ्या सदस्या असतातच, त्यांच्यातून तिथे राहणाऱ्या बायकाच नवी शेजारीण निवडतात.

माँत्रईत सगळी घरं भाड्याची आणि मालकी सार्वजनिक गृहनिर्माण कार्यालयाची. कल्पना तेरेझ क्लेर्क यांची. त्या १९२७ च्या, स्त्रीवादी चळवळीतल्या. अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा त्यांनी अनेक वर्षं केली होती आणि तो भार आपल्या मुलांवर पडू नये, असं त्यांनी ठरवलं होतं. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं दगावली, त्यांत एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ होते. त्यानंतर अशा प्रकल्पाकडे लोक गांभीर्याने बघू लागले. २०१२ च्या अखेरीस घरं तयार झाली: २१ वयस्कर बायकांसाठी, ४ तरुणांसाठी. पेन्शन तुटपुंजी असलेल्या बाईला इथे घर विकत घ्यायची चिंता नाही. पण सरकारी पैशातलं घर कोणाला द्यायचं, हे एकट्या बायकांच्या संघटनेला ठरवता येईना. त्यावरून कार्यालयाशी आणि आपसातही तंटे झाले. शेजारीण निवडण्याचा हक्क हातात नसेल तर नुसत्या जाहीरनाम्यावर गट टिकत नाही, असं मला यावरून वाटतं.

रचनेत लंडन सरस आहे. बायका आराखड्याच्या कामात पहिल्यापासून वास्तुविशारदांसोबत बसल्या. सामायिक दालन प्रवेशापाशीच आहे, त्यामुळे येता-जाता कोणी ना कोणी भेटतंच. घरं बागेकडे तोंड करून आहेत. कपडे धुण्याची खोली एकच आणि पाहुण्यांची खोलीही सामायिक. मात्र प्रत्येकीला स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःचं दार आहे, आणि हे मी अजिबात सोडू नका म्हणेन. एकत्र जेवण अधूनमधून असतं, सक्ती नसते. माँत्रईची घरं लहान आहेत, पण तळमजल्याच्या खोल्या मोहल्ल्यासाठी उघड्या, तिथे वर्ग आणि चर्चा चालतात. आपल्याकडे बायका एकमेकींत रमतील, पण गल्लीपासून तुटतील, अशी भीती मला वाटते. म्हणून ही एक गोष्ट मी माँत्रईकडून घेईन. दोन्ही ठिकाणी परिचारिका नाहीत. आजारपणात चौकशी, सोबत, औषधं आणून देणं जमतं. अंघोळ घालायची वेळ आली तर बाहेरून माणूस लावावंच लागतं, याचा हिशेब आजच धरा.

आता महाराष्ट्रात काय? आपला हात सहज सहकारी सोसायटीकडे जातो. पण इथल्या कायद्यानुसार पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही आणि सदस्याच्या मृत्यूनंतर घर वारसांकडे जातं. वांद्र्याचं साहित्य सहवास लेखकांनी मिळून उभारलं, पुढे घरं मुलानातवंडांकडे गेली. कुटुंबांच्या सोसायटीत ते योग्यच आहे. पण बायकांच्या सहनिवासात चार घरं मुला-सुनांकडे गेली की तो सहनिवास उरणार नाही.

ज्येष्ठांसाठी बिल्डरने बांधलेल्या संकुलात सोयी तयार मिळतात, शेजारीण मात्र नशिबाने.

म्हणून मी दोन्ही वाटा जोडेन: मालकी माँत्रईसारखी एका संस्थेची, निवड लंडनसारखी राहणाऱ्या बायकांची. जमीन-इमारत ट्रस्टच्या नावावर, प्रत्येकीची अनामत रक्कम, हयातभर राहण्याचा लेखी हक्क आणि ती गेल्यावर वारसांना अनामत परत, घर नाही. यात एक गोष्ट दुखते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं घर घेऊ पाहणाऱ्या बाईला ‘घर तुझं नाही’ असं सांगावं लागतं. तिला ते पटत नसेल तर लंडनसारखा मालकीचा पट्टाच धरा, पण पुढे घर कोणाला विकता येईल याची अट करारात पहिल्याच दिवशी घाला. अनामत कशातून परत करणार, हेही आधीच लिहून ठेवा. नाहीतर एका वर्षात दोघी गेल्या की ट्रस्टची तिजोरी रिकामी होईल. आणि मुलांना हा कागद सही करण्याआधी दाखवा.