‘एफ-वन-बी’ पिल्लू घेताना ‘बी’ कोणत्या बाजूचा, हे विचारा : नागपूरजवळच्या एका श्वानपालन केंद्राचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आम्ही नागपूरजवळच्या एका श्वानपालन केंद्रातून लॅब्राडोर आणि पूडल यांच्या संकराचे पिल्लू 28,000 रुपयांना घेतले. आमचे घर आर्वी तालुक्यात, वावराला लागून आहे. माझ्या धाकट्या मुलीला केसाळ जनावर जवळ आले की शिंका येतात, म्हणून कमी केस गाळणारे कुत्रे हवे होते. “भाऊ, हे एफ-वन-बी आहे, केस गळण्याचा प्रश्नच नाही,” असे केंद्रचालकांनी सांगितले आणि पावतीवरही तसेच लिहून दिले. पिल्लू आता दहा महिन्यांचे आहे. त्याचे केस सरळ व आखूड आहेत, तोंडावर दाढी-मिशी नाही, आणि ओसरी रोज झाडावी लागते.

पावती खोटी नव्हती, अपुरी होती. दोन शुद्ध जातींच्या पहिल्या संकरातून होते ती एफ-वन पिढी, निम्मी लॅब्राडोर आणि निम्मी पूडल. एफ-वन नर आणि एफ-वन मादी यांची पिल्ले म्हणजे एफ-टू. एफ-वनचा संकर पुन्हा मूळच्या दोन जातींपैकी एकीशी केला की एफ-वन-बी होते (‘बी’ म्हणजे बॅकक्रॉस, परतीचा संकर), आणि त्यात त्या जातीचा वाटा सरासरी पाऊण हिस्सा असतो. मात्र ती जात कोणती, हे ‘बी’ सांगत नाही. शहरातल्या ग्राहकांसाठी हा दुसरा संकर बहुधा पूडलशी करतात, त्यामुळे एफ-वन-बी म्हणजे कुरळे, न गळणारे केस असा समज झाला आहे. आमच्या पिल्लाची आई एफ-वन होती आणि बाप शुद्ध लॅब्राडोर. म्हणजे ते पाऊण लॅब्राडोर आहे.

हे त्याच्या तोंडावरूनही ओळखता आले असते. दाढी-मिशी देणारे जनुक प्रभावी आहे, म्हणजे त्याची एक प्रत मिळाली तरी दाढी येते. पूडलमध्ये त्याच्या दोन्ही प्रती असतात आणि लॅब्राडोरमध्ये एकही नसते. त्यामुळे एफ-वनच्या प्रत्येक पिल्लाला एक प्रत मिळते आणि दाढी येते. एफ-वनचा पूडलशी संकर केला तरी प्रत्येक पिल्लाला किमान एक प्रत मिळतेच. एफ-टूमध्ये मात्र सरासरी चारांत एक पिल्लू गुळगुळीत तोंडाचे निघते, आणि लॅब्राडोरकडे परत गेलेल्या वेतात सरासरी निम्मी. आमच्या पिल्लाचे तोंड नवव्या आठवड्यातही गुळगुळीतच होते. मी ते पाहिले होते, पण अर्थ कळला नव्हता.

खरे तर कपाशी पेरणाऱ्या माणसाला हे कळायला हवे होते. सुरतच्या संशोधन केंद्रातून 1970 साली एच-4 हे जगातले पहिले व्यापारी संकरित कपाशीचे वाण आले. तेव्हापासून शेतकऱ्याला ठाऊक आहे की संकरित पऱ्हाटीची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली, तर एक झाड उंच आणि एक खुजे, एकाचे बोंड टपोरे आणि दुसऱ्याचे बारीक, असा विस्कळीतपणा येतो. पहिल्या पिढीत एकसारखेपणा असतो आणि संकराचा जोमही सर्वांत जास्त. दुसऱ्या पिढीत तो जोम साधारण निम्म्यावर येतो आणि गुणांची फाटाफूट होते. कुत्र्यांच्या एफ-टू वेतातही तेच घडते, एकाच आईची भावंडे शेजारी ठेवली तर नाते ओळखू येऊ नये इतकी वेगळी दिसतात. तरीही आमच्या भागात ‘एफ-वन’ हे शब्द ‘एक नंबर माल’ या अर्थाने ऐकू येतात. हा आकडा दर्जाचा नाही, पिढीचा आहे.

शिंकांबद्दल तर अधिक सावध राहायला हवे. ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात, त्यामुळे केस कमी गळाले तरी ती घरात राहतातच. 1989 साली ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरॉन यांनी मुद्दाम लॅब्राडोर-पूडल संकर केला, तो एका अंध महिलेसाठी, कारण तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. त्या वेतात तीन पिल्ले झाली आणि त्या पतीला त्यांतले एकच मानवले. आमच्या मुलीलाही आम्ही घेणार होतो त्याच पिल्लाजवळ दोन-तीनदा तास-तासभर बसवून पाहायला हवे होते. आम्ही ते केले नाही, ही आमची चूक आहे. आता कुत्रा ओसरीतच झोपतो आणि मुलगी त्याच्याशी खेळून हात-तोंड धुते, त्यामुळे त्रास आटोक्यात आहे.

केंद्राच्या चांगल्या बाजू सांगणे न्यायाचे होईल. श्वानपैदास व विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आम्हाला नऊ आठवडे पूर्ण झाल्यावरच दिले, लसीकरणाचे कार्ड आणि जंतनाशकाची नोंद सोबत होती. जागा स्वच्छ होती, आई समोर होती, तिची प्रकृती उत्तम दिसत होती. बाप मात्र दाखवला नाही आणि मीही आग्रह धरला नाही. डोळ्यांच्या तपासणीबद्दल विचारले तेव्हा “क्रॉस आहे, त्याला आजार होत नाहीत” असे उत्तर मिळाले, ते मला अजून खटकते. पडदा हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक नेत्रविकार लॅब्राडोर आणि पूडल या दोन्ही जातींत आढळतो. आईबाप दोघेही वाहक (दोष एकाच प्रतीत असलेले, पण स्वतः निरोगी) असतील तर संकरातही प्रत्येक पिल्लाला तो होण्याची शक्यता चारांत एक राहते. त्याची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. खुब्याच्या सांध्याचा दोषही दोन्ही जातींत असतो, आणि तो क्ष-किरणात दिसतो.

एक गोष्ट मात्र आमच्या पथ्यावर पडली. कुरळ्या केसांच्या कुत्र्याला सहा ते आठ आठवड्यांनी नीट कातरावे लागते आणि रोज विंचरावे लागते, आणि आमच्या तालुक्यात ते करणारा कोणी नाही. पावसाळा सरताना बांधावर कुसळी आणि गोखरू माजतात, ते अशा केसांत गुंतून कातडीपर्यंत जातात. आमच्या कुत्र्याच्या अंगावरून ते हाताने निघतात. वावरात वावरणाऱ्या कुत्र्यासाठी लॅब्राडोरकडे झुकलेला संकर सोयीचा आहे, असे मी आता निःसंकोच म्हणेन, फक्त तो तसा सांगून विकला जावा.

जूनमध्ये मी पुन्हा केंद्रात गेलो. चालकांनी वाद न घालता नोंदवही उघडली, आईबापांच्या नोंदीचे पान दाखवले आणि त्याची प्रत दिली. यापुढे पावतीवर ‘एफ-वन-बी’ पुढे बापाची जात लिहू, असे ते म्हणाले. पाचपैकी तीन तारे देतो. पावतीवर ती जात लिहिलेली दिसली आणि आईबापांच्या डोळ्यांच्या चाचणीचा कागद मिळाला, तर चौथा ताराही देईन.