फोर्ट विल्यमचा मुक्काम: मे महिन्यात की दिवाळीच्या सुट्टीत?

शाळेत जाणारी मुलं बरोबर असतील तर महाराष्ट्रातून लांबच्या सहलीला निघायला सुट्ट्या दोनच, मे महिन्याची आणि दिवाळीची. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागात, एखादं गेस्ट हाउस धरून चार-सहा दिवस निवांत राहायचं असेल, तरी निवड या दोनांतूनच करायची. मी इथे फोर्ट विल्यम हे तिथलं गाव धरून चाललो आहे. तिथे लॉख लिनीच्या काठाने गेस्ट हाउसची रांगच आहे. समोर पाणी, पलीकडे आर्डगावरचे डोंगर. लॉख म्हणजे एरवी तळं, पण ही मुळात खाडीच आहे, भरती-ओहोटी असते, त्यामुळे हवा तीच राहिली तरी खिडकीतला काठ बदलत राहतो.

बहुतेक जण आधी तापमान बघतात आणि तिथेच गफलत होते. मेमध्ये दुपारी १४-१५ अंश, ऑक्टोबरमध्ये साधारण १२. एवढ्याशा फरकावर काय ठरवणार? स्वेटर आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट दोन्ही वेळा लागणारच.

खरा फरक उजेडाचा आहे. मेच्या मध्यावर फोर्ट विल्यमला सूर्य पाचला उगवतो आणि साडेनऊला मावळतो. त्यानंतरही बराच वेळ संधिप्रकाश रेंगाळतो. दिवाळीचं गणित मात्र दर वर्षी वेगळं, कारण आपली तिथी सरकते आणि त्यांचं घड्याळही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं तासभर मागे जातात. २० ऑक्टोबरच्या सुमारास सूर्यास्त सहाला असतो. २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, आणि त्या दिवशी तिथे साडेचारच्या आत सूर्य गेलेला असेल. म्हणजे मेमधल्या सोळा तासांच्या जागी साडेआठ तासांचा दिवस. विमानभाडं तेच, बघायला वेळ निम्मा.

पाऊस दोन्हीकडे आहे. फोर्ट विल्यमला वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पडतो. महाबळेश्वरला याच्या दुपटीहून जास्त पडतो, पण चार महिन्यांत उरकतो. इथे तो बाराही महिने वाटून घेतलेला आहे. अटलांटिकवरून नैऋत्येचे वारे ओल घेऊन येतात आणि पश्चिमेच्या डोंगरांवर ती रिकामी करतात. एप्रिल ते जून हा त्या किनाऱ्याचा त्यातल्या त्यात कोरडा काळ. ऑक्टोबरात मेच्या साधारण दुप्पट पाऊस धरून चाला. आपल्यासारखा कोसळत नाही, बारीक असतो, पण आडवा येतो. छत्री घरीच ठेवा.

एवढं वाचून मे जिंकला असं वाटेल. बऱ्याच अंशी जिंकलाच. बेन नेव्हिस डोंगराच्या (१,३४५ मीटर) उत्तर कड्याच्या घळींत तेव्हा बर्फ असतो, खाली जंगलात ब्लूबेलच्या फुलांचा निळा गालिचा, माळावर गॉर्सची पिवळी झुडपं. फक्त हेदरच्या झुडपांचा जांभळा फुलोरा मागू नका, तो ऑगस्टचा. आणि बेन नेव्हिस खिडकीतून दिसायला हवा असेल तर गावात राहू नका. गावातून तो पुढच्या उतारांमागे लपतो. त्यासाठी कॉर्पाख किंवा बॅनव्हीच्या बाजूला खोली बघा. शिखर ढगाबाहेर येईलच याची खात्री मात्र कुठल्याच महिन्यात नाही.

पण एका बाबतीत शरद ऋतूला तोड नाही, ती म्हणजे प्रकाशाची तिरीप. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या वर गेला की सपाटीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही. मेमध्ये तिथे भर दुपारी सूर्य ५२ अंशांपर्यंत चढतो. ऑक्टोबरअखेर तो वीस अंशांच्या आसपासच राहतो. म्हणजे सर येऊन गेली आणि ढग फाटला की दिवसाच्या कुठल्याही वेळी कमान उभी राहू शकते, अगदी दुपारी बारालाही. वाळलेलं तपकिरी नेचं आणि पिवळे बर्च या आडव्या उन्हात पेटल्यासारखे दिसतात. फोटोग्राफीचं वेड असेल तर मी ऑक्टोबरच सांगेन, भिजण्याची तयारी ठेवून.

मिज नावाची चिलटं हा आणखी एक मुद्दा. चावतात, थव्याने येतात. मेच्या उत्तरार्धात सुरू होतात, जुलै-ऑगस्टात कहर करतात. मेचे पहिले दोन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर, दोन्ही सुरक्षित. जूनपर्यंत लांबवू नका.

दिवाळीतच जायचं असेल तर मुक्काम बदला, हा माझा आग्रह. डोंगररांगेच्या पूर्वेला पिटलॉक्री गाठा. तिथे पाऊस फोर्ट विल्यमच्या निम्म्याच्या आसपास, एडिनबरोहून ट्रेनने साधारण दोन तास, आणि पानगळीचे रंग पर्थशायरइतके, म्हणजे पिटलॉक्रीच्या या परिसराइतके, क्वचितच कुठे. जवळच्या क्वीन्स व्ह्यू या ठिकाणावरून लॉख टमल हे तळं आणि मागे शिहॅलियन डोंगराचा सुळका दिसतो. रंगांचा भर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात असतो. म्हणून २०२७ची दिवाळी (लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबर) चालेल. २०२६ची नाही, तोवर बहुतेक झाडं उघडी पडलेली असतील.

शिवाय पश्चिमेकडची, विशेषतः स्काय बेटावरची, बरीच छोटी गेस्ट हाउस ऑक्टोबरअखेर बंद होतात ती वसंतातच उघडतात. बेटांच्या फेऱ्यांचं हिवाळी वेळापत्रकही तेव्हा सुरू झालेलं असतं, बोटी कमी होतात. भाड्याची गाडी घेणार असाल तर एकपदरी रस्ते आणि अंधारात आडवी येणारी हरणं लक्षात घ्या.

खोलीचं. मेमध्ये पाण्याकडच्या खोलीचे जादा पैसे जरूर मोजा. जेवून आल्यावरही खिडकीत उजेड असतो. फक्त पडदे जाड आहेत का ते विचारा, नाहीतर मुलं चारला जागी होतील. नोव्हेंबरात तेच पैसे वाया, कारण दिवसा तुम्ही बाहेर आणि परत येईपर्यंत बाहेर काळोख. तेव्हा पैसे टाकायचे ते बसायची ऐसपैस खोली, शेकोटी आणि ओले बूट-कोट वाळवायची सोय असलेल्या घरावर. रात्रीचं जेवण बहुतेक गेस्ट हाउसमध्ये मिळत नाही, आणि छोट्या गावांतली स्वयंपाकघरं आठ-नऊला बंद होतात. शाकाहारी नाश्त्याचं बुकिंग करतानाच सांगून ठेवा. हॅगिस या स्कॉटिश मांसाहारी पदार्थाचा शाकाहारी प्रकार बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि चांगला लागतो.